दादांना बाहेर कोण बोलावणार? नाशिकच्या एका हौशी रग्बी क्लबमधील डोक्याच्या दुखापतीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधील एका हौशी रग्बी क्लबचे आहे. क्लबचे नाव दिलेले नाही आणि व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी क्लबचा सचिव होतो. पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतील बहुतेक माझ्या आहेत, हे आधीच सांगणे बरे.

क्लब धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था आहे. कागदावर सात जणांची कार्यकारिणी आहे, पण प्रत्यक्षात क्लब एकाच माणसाच्या खांद्यावर चालत असे. त्यांना सगळे दादा म्हणतात. त्या वेळी त्यांचे वय ४१ होते. सातपूरच्या एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये त्यांची जनरल शिफ्टची नोकरी होती आणि क्लबमध्ये अठरावा हंगाम चालू होता. ते मूळचे कबड्डीपटू, डावा कोपरा सांभाळणारे. आमच्याकडे आलेली निम्मी पोरे याच वाटेने आली आहेत. खाली वाकून घोट्याला पकड घालण्याची ज्याला सवय आहे त्याला टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून खाली पाडणे, शिकवायला फार वेळ लागत नाही. मात्र डोके कोणत्या बाजूला ठेवायचे हे कबड्डीतली सवय मोडून पुन्हा शिकवावे लागते.

दादा हूकर होते, दोन नंबरची जर्सी घालणारे. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ खेळाडूंनी एकमेकांना घट्ट बांधून चेंडूसाठी समोरासमोर ढकलणे. त्यात हूकर पहिल्या फळीच्या मधोमध असतो. त्याचे दोन्ही हात दोन बाजूंच्या प्रॉपच्या खांद्यांभोवती अडकलेले असतात, त्यामुळे स्क्रम कोसळला तर स्वतःला सावरायला त्याच्याकडे हात उरत नाही. चेंडू मैदानाबाहेर गेला की तो दोन संघांच्या रांगांमध्ये परत फेकला जातो, तो लाइनआउट. त्यात चेंडू फेकण्याचे कामही बहुधा त्याचेच असते. म्हणजे सर्वांत जड धक्का आणि सर्वांत नाजूक नेम, दोन्ही एकाच खेळाडूकडे.

मैदान गंगापूर रोडच्या बाजूचे, तीन-चार संघांत वाटलेले आहे. मध्ये क्रिकेटची खेळपट्टी असल्याने तिच्यावर स्क्रम घ्यायचा नाही असा अलिखित करार आहे. माती काळी. मे महिन्यात ती दगड होते आणि गुडघे सोलून काढते. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की पडायला मऊ होते, म्हणून आमचा खरा हंगाम पावसाळ्यातच असतो. गोलचे खांब अंबडच्या एका फॅब्रिकेटरकडून जीआय पाइपचे करून घेतले आहेत. दोन खांबांत ५.६ मीटर अंतर आणि आडवा दांडा ३ मीटर उंचीवर, हे माप दादांनी स्वतः टेप धरून तपासले होते. खांबांना गुंडाळलेल्या गाद्या त्यांच्या घरच्या. रेषा आखायची फक्की त्यांच्या ओळखीवर उधार मिळे. साहित्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या खिशात, मैदानाच्या परवानगीच्या तारखा त्यांच्या डायरीत, जर्सी धुवायला त्यांच्या घरी, आणि पंधरा जण कोण हे ठरवणारेही तेच. खेळाडू, प्रशिक्षक, निवड समिती आणि वाहनचालक या चारही भूमिका एकाच माणसाकडे असण्यात कोणाला कधी काही वावगे वाटले नाही, मलाही नाही. अशा माणसाचे आभारच मानायचे असतात, एवढीच आमची समज होती.

सामन्यातील प्रसंग

जुलैमधील एका रविवारी मुंबईहून आलेल्या संघाशी मैत्रीपूर्ण सामना होता. उत्तरार्धाच्या सुमारे बाराव्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी पुढे होतो. समोरचा उंच लॉक, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, चेंडू घेऊन सरळ आला आणि दादा खाली वाकले, परंतु चिखलात त्यांचा पुढचा पाय सरकला. खांदा लागायच्या जागी कानशील त्याच्या कमरेच्या हाडावर आदळले. तो लॉक पडला. दादाही पडले, आणि दोन-तीन सेकंदांनी गुडघ्यावर हात टेकून उठले. ते बेशुद्ध झाले नव्हते. पंचांनी हाताने विचारले आणि दादांनी अंगठा वर केला.

पुढच्याच लाइनआउटला जे घडले ते या प्रकरणाचे मूळ आहे. त्या हंगामात आमचे लाइनआउटचे सांकेतिक शब्द शहरातल्या भागांवरून ठेवले होते. सातपूर म्हटले की पुढच्या उडी मारणाऱ्याकडे, सिडको म्हणजे मधल्याकडे, देवळाली म्हणजे मागे. आदल्या हंगामात हेच शब्द स्वयंपाकघरातले होते. दादांनी चेंडू डोक्यावर धरला, पुसला आणि मोठ्याने म्हणाले, “कांदा!” रांगेत कोणी हलले नाही. आमचा स्क्रम-हाफ हसला. “दादा, कांदा गेला मागच्या वर्षी,” असे कोणीतरी म्हणाले. दादाही हसले, त्यांनी पुन्हा चेंडू पुसला आणि पुन्हा म्हणाले, “कांदा.”

मी रेषेबाहेर प्रथमोपचाराची पिशवी घेऊन उभा होतो आणि मीही हसलो.

माझ्या शेजारी आमच्या महिला संघातील एक खेळाडू होती. ती फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि तिने वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेचा कन्कशनविषयीचा (डोक्याला मार लागून मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याविषयीचा) मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला होता. ती हसली नाही. “काका, त्यांना बाहेर घ्या,” ती म्हणाली. मी म्हणालो, “थांब, बघू पाच मिनिटं.” त्या पाच मिनिटांत एक स्क्रम झाला आणि दोन रक, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूसाठीची ढकलाढकल, झाले. नंतर मोजले तेव्हा लक्षात आले की टॅकलपासून दादा बाहेर येईपर्यंत अकरा मिनिटे गेली होती.

समोर असलेले पर्याय

त्या अकरा मिनिटांत माझ्या डोक्यात काय चालले होते ते लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला निर्णय सरळ वाटतो. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. त्यासाठी शुद्ध हरपावी लागत नाही. गोंधळ, मंदपणा, जुनी गोष्ट आत्ताची समजणे एवढेही पुरेसे असते. शंका आली की खेळाडू बाहेर आणि त्या दिवशी परत आत नाही, हा हौशी रग्बीतील नियम मला माहीत होता. दूरचित्रवाणीवर दिसते तसे खेळाडूला आत नेऊन तपासून परत पाठवण्याची सोय फक्त वरच्या स्तरावर, प्रशिक्षित डॉक्टर आणि चित्रीकरण हाताशी असताना असते. हेही मी वाचले होते.

तरीही अडत होते. पहिले कारण स्क्रमचे. रग्बीत पहिल्या फळीत त्या जागेचे प्रशिक्षण असलेलाच खेळाडू उभा राहू शकतो. असा बदली खेळाडू नसेल तर स्क्रम स्पर्धेविना होतो, म्हणजे दोन्ही संघ बांधणी करतात पण ढकलत नाहीत, आणि ज्याचा चेंडू त्यालाच मिळतो. आमच्याकडे दुसरा हूकर नव्हता. अठरा वर्षे दादा असल्यावर दुसरा तयार करण्याची गरज कोणाला भासणार? स्क्रम ही आमची त्या दिवसाची एकमेव जमेची बाजू होती आणि ती सोडून द्यायची म्हणजे सामना सोडून देण्यासारखे होते.

आमच्या एका प्रॉपने स्वतःहून सांगितले, “मी उभा राहतो मध्ये, बघितलंय मी दादांना.” हा मार्ग सर्वांत धोक्याचा होता आणि त्या क्षणी सर्वांत आकर्षकही, कारण त्यात दादाही बाहेर येत होते आणि स्क्रमही वाचत होता. एका डोक्याची जोखीम टाळण्यासाठी दुसऱ्याच्या मानेची जोखीम पत्करण्याचा हा सौदा होता. तो मी नाकारला. त्या दिवशी वेळेवर घेतलेला माझा बहुधा हा एकच निर्णय.

पाणी द्यावे, चेंडू फेकायचे काम दुसऱ्याला द्यावे आणि लक्ष ठेवावे, असा मधला मार्गही मनात येत होता. पाच मिनिटे बघू म्हणताना मी नकळत तोच निवडला होता.

खरी अडचण मात्र वेगळीच होती. बदली खेळाडू कोण, कोणाला कधी बाहेर घ्यायचे, हे सगळे दादा ठरवत. ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, तो घेण्याचा अधिकार आम्ही त्याच्याकडेच दिलेला होता. कर्णधार त्यांच्या हाताखाली शिकलेला, उपकर्णधार त्यांच्या कारखान्यात त्यांनीच लावून दिलेला. पंधरा-वीस जणांत “दादा, बाहेर या” असे म्हणू शकेल असा एकही माणूस नव्हता, आणि वयाने जवळचा असा मी एकटा असूनही माझी जीभ रेटली नाही. पंचांना नियमाप्रमाणे जखमी खेळाडूला बाहेर काढता येते, पण त्यांना अंगठा दिसला होता आणि “कांदा” शब्दात काय चुकले हे मुंबईच्या माणसाला कळणे शक्य नव्हते. न्यूझीलंडमध्ये हौशी सामन्यांत पंच अशा वेळी निळे कार्ड दाखवतात. खेळाडूला बाहेर काढण्याचा वाईटपणा तिथे सोबत्यांवर येत नाही.

प्रत्यक्ष कृती

शेवटी ती मुलगीच आत गेली. पुढच्या पेनल्टीच्या वेळी खेळ थांबला तेव्हा तिने पंचांना खूण केली आणि दादांसमोर उभी राहून ठरलेले प्रश्न विचारले. आपण कोणत्या मैदानावर आहोत, हा पूर्वार्ध की उत्तरार्ध, शेवटचे गुण कोणी मिळवले, मागचा सामना कोणाशी झाला, तो आपण जिंकलो का? मैदान त्यांनी बरोबर सांगितले. उत्तरार्ध म्हणण्याआधी ते खांबांकडे बघत राहिले. मागच्या सामन्याच्या प्रश्नावर ते चिडले. “तुला कशाला पाहिजे? बाटली दे.”

ती माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, “काका, आता तुम्ही सांगायचंय.” मग मी सांगितले. दादा आले. येताना त्यांनी कोणाकडे पाहिले नाही. मी पंचांना आमच्याकडे प्रशिक्षित हूकर नसल्याचे कळवले, उरलेले स्क्रम ढकलण्याविना झाले आणि आम्ही तो सामना तीन गुणांनी हरलो.

मैदानाबाहेरची चूक

इथवर उशिरा का होईना, योग्य ते घडले होते. सर्वांत मोठी चूक त्यानंतरची आहे. सामान भरून झाल्यावर दादा नेहमीप्रमाणे आपल्या व्हॅनमध्ये चालकाच्या जागेवर बसले, मागे चार मुले बसली, आणि मी हात हलवून निरोप दिला. डोक्याला मार लागलेल्याने निदान पहिला दिवस-दोन दिवस वाहन चालवू नये आणि एकटे राहू नये, हे प्रथमोपचाराच्या त्याच कार्डावर छापलेले होते जे माझ्या पिशवीत होते. दादा गाडी चालवत नाहीत असा रविवार आम्ही पाहिलेलाच नव्हता, म्हणून ते कोणाच्याही मनात आले नाही.

एबीबी सर्कलला ते सातपूरकडे न वळता मायको सर्कलच्या दिशेने निघाले. मागच्या मुलाला वाटले, काही घ्यायचे असेल. बरेच पुढे गेल्यावर दादांनीच गाडी कडेला लावली आणि विचारले, “आपण कुठं चाललोय रे?” त्या मुलाने मला फोन केला. परवाना असलेला दुसरा मुलगा गाडी चालवत त्यांना घरी घेऊन गेला आणि संध्याकाळी त्यांना रुग्णालयात नेले. सीटी स्कॅन ठीक आला. हा शब्द क्लबच्या ग्रुपवर पोचताच सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो गैरसमज होता. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसते, कन्कशन दिसत नाही. स्कॅन ठीक म्हणजे दादा ठीक, असे धरून आम्ही तो विषय संपवला, आणि सोमवारी सकाळी दादा कामावर मशीनसमोर उभे होते.

विसावा दिवस

मुंबईतील एक स्पर्धा त्या रविवारपासून बरोबर विसाव्या दिवशी, शनिवारी होती. वर्ल्ड रग्बीच्या मार्गदर्शनात हौशी खेळाडूसाठी सामन्यात परतण्याची किमान मुदत २१ दिवसांची आहे. दादांचे म्हणणे होते की एका दिवसाने काय फरक पडतो, प्रवासाचे पैसे भरले आहेत आणि पोरांनी वर्षभर वाट पाहिली आहे. यातले शेवटचे खरे होते.

कार्यकारिणीची बैठक त्यांच्याच घरी झाली. बैठका तिथेच होत, तेव्हा दुसरी जागा सुचलीही नाही. मी तारखा मोजत बसलो होतो. चर्चा एकोणीस, वीस, एकवीस यातच अडकली होती, तेवढ्यात वहिनी चहा ठेवायला आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, “दिवस काय मोजताय भाऊजी? परवा रात्रीपर्यंत गोळी घेऊन झोपलेत. दिवा लावू देत नाहीत खोलीत. आणि ही पहिली नाही, चौथी आहे.” त्यांनी चारही वेळा सांगितल्या, कोणत्या वर्षी, कोणत्या सामन्यात, किती दिवस डोके दुखले. त्यांतल्या दोन आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हत्या.

एकवीस दिवस ही किमान मुदत आहे. त्यात आधी हलका व्यायाम, मग धावणे, मग धक्क्याविना सराव, आणि लक्षणे पूर्ण थांबल्यावर, डॉक्टरांच्या संमतीनंतरच टॅकल. दादांची घड्याळाची टिकटिक अजून सुरूच झाली नव्हती, आणि आम्ही शेवटच्या दिवसावर वाद घालत होतो.

फिजिओच्या विद्यार्थिनीने त्या बैठकीत इंग्लंडच्या स्टीव्ह थॉम्पसनचे उदाहरण दिले. तोही हूकर, २००३ च्या विश्वविजेत्या संघातला. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने जाहीर केले की त्याला अकाली स्मृतिभ्रंशाचे निदान झाले आहे आणि तो विश्वचषक जिंकल्याचेच आठवत नाही. आमच्यातील एकाने आक्षेप घेतला की तो व्यावसायिक खेळाडू होता, रोज धडकत होता, आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याशी त्याची तुलना करू नये. आक्षेप रास्त होता आणि मी तो इतिवृत्तात लिहिलाही. पण दादा त्यानंतर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठले, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मग चालवा तुम्ही.”

परिणाम

संघ त्यांच्याविना गेला. एका सामन्यात स्क्रम पुन्हा ढकलण्याविना झाले, दोन्ही सामने हरलो. त्याचे फारसे दुःख नाही. खरा धक्का पुढच्या रविवारी नाशिकमध्ये बसला. मैदानावर गेलो तर तिथे टेनिस बॉलची स्पर्धा चालू होती. परवानगीचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाकडे द्यायचा हे फक्त त्या डायरीत होते. फक्कीवाल्याने ओळख विचारली. जर्सी तर दादांच्या गॅलरीत वाळत होत्या. दादांच्या दुखापतीला आम्ही इतके दिवस एका माणसाची दुखापत समजत होतो.

मेंदूविकारतज्ज्ञांनी चार घटनांचा इतिहास ऐकून त्यांना तो हंगाम धक्क्याच्या खेळापासून दूर राहायला सांगितले आणि पुढे खेळण्याचा विचारही सोडावा असे सुचवले. डोकेदुखी सहाव्या आठवड्यात थांबली. वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे चिडचिड त्याहून जास्त दिवस टिकली, पण ती दुखापतीची की आमच्यावरची, हे त्यांनाही सांगता आले नाही.

सातव्या आठवड्यात दादा मैदानावर आले आणि कोणाशी न बोलता खांबांच्या गाद्या नीट बांधत बसले. हळूहळू त्यांनी दोन मुलांना हूकरचे काम शिकवायला घेतले. मान, पाठ, पावलांची जागा, स्क्रम सुरू करताना पंच देतात त्या क्राउच-बाइंड-सेटची प्रत्येक हाक वेगळी थांबवून, आधी स्क्रमच्या सरावयंत्रावर, मग तीन विरुद्ध तीन. ते जितके उत्तम शिकवतात ते पाहिल्यावर हे काम त्यांच्याकडून दहा वर्षांपूर्वी का मागितले नाही, असे वाटते. फिजिओच्या मुलीशी ते महिनाभर बोलले नाहीत. माझ्यावरचा राग वेगळा आहे. मी बाहेर बोलावले म्हणून ते रागावले नाहीत, बैठकीत त्यांच्या घरची गोष्ट सर्वांसमोर आली आणि मी ती इतिवृत्तात लिहिली म्हणून रागावले आहेत. त्यात ते चुकले आहेत असे मला म्हणता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

आता प्रत्येक सामन्याआधी एका व्यक्तीचे नाव कागदावर लिहिले जाते. ती त्या दिवशी खेळत नसते, संघ निवडत नसते, आणि डोक्याच्या दुखापतीविषयी तिचा शब्द अखेरचा असतो. हे नाव दोन्ही संघांना आणि पंचांना आधीच सांगितले जाते. हा कागद जुलैत असता तर अकरा मिनिटांची दोन झाली असती असे मला वाटते, शून्य झाली असती असे नाही. हसण्यात गेलेला वेळ कागदाने वाचत नाही.

गाडीची किल्ली मी त्यांच्या हातातून घ्यायला हवी होती, आणि सोमवारी कारखान्यात निदान त्यांच्या सुपरवायझरला कळवायला हवे होते. दुसऱ्या गोष्टीबद्दल माझी अजून द्विधा आहे. दादांनी रजा बुडेल आणि ‘अनफिट’ शिक्का बसेल म्हणून घरी सक्त मना केले होते. त्यांच्या इच्छेविरुद्ध फोन करण्याचा हक्क क्लबच्या सचिवाला आहे का? तो फोन वहिनींनी करावा की डॉक्टरांच्या चिठ्ठीने ते आपोआप व्हावे, यावर कार्यकारिणीत एकमत झालेले नाही.

हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूचा फॉर्म भरून घेताना मागील डोक्याच्या दुखापतींचा रकाना आता आहे. सुरुवातीला सगळ्यांनी त्यात ‘नाही’ लिहिले. मग आम्ही तो फॉर्म घरच्या एका व्यक्तीच्या सहीसह मागू लागलो, तेव्हा तीन जणांचे उत्तर बदलले.

परवानगी, फक्की आणि हिशेब आता तिघांत वाटले आहेत. काम पूर्वीपेक्षा हळू होते आणि दोनदा चुकलेही आहे. नवे दोन हूकर तयार झाले, तरी एकाची एका आठवड्याआड सेकंड शिफ्ट असते आणि दुसरा ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागेसाठी दिंडोरीला घरी असतो. ज्या रविवारी दोघेही नसतात त्या रविवारी आम्ही सामन्याआधीच पंचांना स्क्रम ढकलण्याविना होतील असे सांगतो. समोरचे संघ कधी कधी कुरकुर करतात.

दादांनी मागच्या महिन्यात लेखी अर्ज दिला आहे. रविवारच्या सरावानंतर होणाऱ्या टच रग्बीत, जिथे टॅकल नसते, आपल्याला खेळू द्यावे अशी त्यांची विनंती आहे. डॉक्टरांची हरकत नाही. फिजिओच्या मुलीची आहे, कारण आमच्या पोरांच्या टचमध्ये धडक होतेच, आणि दादा समोर असले की जास्त होते. अर्ज पुढच्या बैठकीत आहे, आणि ती बैठक या वेळी दादांच्या घरी ठेवलेली नाही.